कोठारातली गाडी

परवा सकाळी व्हाइटफील्डला आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर एक हातगाडी उभी होती आणि तिच्यावर अवऱ्याच्या शेंगांचा ढीग होता. मी निघाले होते औषधाच्या दुकानात, तरी पाय थांबले. एक शेंग उचलली, दोन बोटांत चोळली आणि नाकाशी नेली. बेंगळुरूत अवरे असेच घेतात, भाव नंतर विचारतात. शेंगेच्या सालीला एक चिकट, रानवट वास असतो, त्याला इथे सोगडु म्हणतात. तो बोटांना लागला तर पिशवी पुढे करायची, नाही लागला तर दुसरी गाडी बघायची. परवाच्या शेंगांना तो चांगला घमघमीत होता. मी शेंग ढिगावर परत ठेवली आणि काही न घेता चालायला लागले. गाडीवाल्याला वाटलं असेल, या बाईंना वास कळत नाही.

वास कळतो. तेच तर दुखणं आहे.

पुण्याच्या माझ्या जावेला अवरे म्हणजे काय हे मी गेली तीस वर्षं समजावते आहे. "म्हणजे पावटेच ना?" ती दर वेळी विचारते आणि मी दर वेळी "हो, पावटेच" म्हणून सोडून देते. पण थंडी सुरू झाली की या गावाला जे वेड लागतं ते पावट्यांनी लागत नाही. उपम्यात अवरे, सारात अवरे, तांदळाच्या भाकरीत अवरे. आणि पाहुणे यायचे असतील तर सोललेले अवरे. दाणे आदल्या दिवशी भिजत घालायचे आणि मग एकेक दाणा अंगठा आणि बोट यांच्यात दाबायचा. साल हातात राहते, आतला फिकट हिरवा दाणा टुणकन उडतो. ज्या बाईनं बिरडं सोललंय तिला हे सांगायला नको. आमच्या यशवंतपूरच्या कोठारात असे अवरे पायल्यांनी सोलले जायचे, आणि त्याचा सगळा कारभार माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा असायचा.

आमचं घराणं बेंगळुरूला कधी आलं हे घरात कोणालाच धड सांगता येत नाही. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर कन्नड, एवढी वाटणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आजोबा चिंचेचा आणि नाचणीचा व्यापार करायचे. घरामागचं कोठार त्यांनी बांधलं. जमिनीपासून दोन हात उंच दगडी खांब, खांबांवर तुळया, आणि तुळयांवर मत्तीच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाच्या लांबच लांब फळ्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग. दोन फळ्यांमध्ये नखभर फट, खालून वारा खेळावा म्हणून. ओल नाही, वाळवी नाही. त्या लाकडाला कधी रंग लावला नाही की पॉलिश केलं नाही. पोती ओढून ओढून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की लहानपणी दुपारी मी तिथे पालथी पडून फळीला गाल लावायची. चिंच, नाचणी आणि तापलेलं लाकूड यांचा मिळून एक वास यायचा. पुढे व्यापार बसला, पोती गेली, पण वास तसाच राहिला. लाकूड काही विसरत नाही याचं तेव्हा मला फार कौतुक वाटायचं.

रिकाम्या झालेल्या त्या कोठारात अण्णानं अवऱ्याचा मोसम मांडला: शेंगा आणायच्या, दाणे काढून सोलून घ्यायचे आणि विकायचे. गल्लीतल्या आठ-दहा बायका सकाळची कामं आवरून यायच्या आणि गोल करून बसायच्या. थंडीत सिमेंटच्या जमिनीवर दोन तास बसून बघा, तिसऱ्या तासाला कंबर धरते. लाकूड ऊब धरतं. त्या फळ्यांवर बायका दिवसभर बसत, आणि उठताना कुरकुरल्या तर ते गप्पा अर्धवट राहिल्या म्हणून. अर्धी मराठी, अर्धी कन्नड, मधूनच तेलुगू. गप्पांची सूत्रं सरसक्काकडे. तिला गल्लीतल्या प्रत्येक घरातल्या फोडणीची खबर असे आणि ती खबर ती स्वतःकडे ठेवत नसे. आणि हात म्हणाल तर रुक्माक्काचा. तिचा दाणा कधी दुभंगला नाही. तिच्या पातेल्यातले अवरे वेगळे ठेवा म्हणून सांगणारी गिऱ्हाइकं होती. नवरा शिवणकाम करायचा, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. वर्षातले दहा महिने ती घरी बसून फुलांच्या माळा करायची आणि थंडीचे दोन महिने कोठारात यायची. "दहा महिने देवाचे, दोन महिने माझे," असं म्हणायची. मी बँकेतून सुट्टी काढून एखादा दिवस जाऊन बसायची. माझे दाणे निम्मे फुटायचे. रुक्माक्का ते हळूच आपल्या सालींच्या ढिगात लपवायची, अण्णाला दिसू नयेत म्हणून.

ज्या मोसमाबद्दल मला बोलायचं आहे त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात हे गेले.

आमचं जयनगरचं घर भाड्याचं होतं. मुलगी म्हणाली, आई, आता एकटी राहू नकोस. तिच्या व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी खोली होती, पण यांच्या गाडीसाठी जागा नव्हती. एका फ्लॅटला एकच गाडी असा तिथला नियम. गाडी वीस वर्षांची, पांढरी, आता जिला कोणी वळूनही बघणार नाही अशी. मला चालवता येत नाही. विकून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं आणि सगळ्यांचं बरोबर होतं. पण चालकाच्या सीटला यांच्या बसण्याचा खळगा पडला होता. दार उघडलं की आतून त्यांच्या शर्टांचा वास यायचा. कपडे मी वाटून टाकले होते, चष्मासुद्धा देऊन टाकला होता. ही गाडी देववेना.

मी अण्णाला विचारलं. विचारलं म्हणजे काय, तर जयनगरच्या घराची किल्ली मालकाला देऊन झाली होती, गाडी अण्णाच्या दारात उभी होती आणि मी तिला टेकून रडत होते. अशा वेळी नाही म्हणणारा भाऊ मी तरी पाहिलेला नाही. पुष्कळदा आपण परवानगी मागतो तेव्हा समोरच्याला नाही म्हणायला जागाच ठेवत नाही, आणि मग आयुष्यभर सांगत फिरतो की मी विचारूनच केलं होतं. अण्णा म्हणाला, "ठेव की. मोसमात स्वल्प अडचण होईल, बघू." हे 'स्वल्प' आमच्या घरात फार मोठं असतं. अण्णाला हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हाही तो स्वल्प दुखतंय म्हणाला होता.

फळ्या गाडीचं वजन पेलतील का हे बघायला आनंदा मेस्त्री आले. ते निपाणीकडचे, बेंगळुरूत चाळीस वर्षं काढून बोलण्यात तिकडचेच राहिलेले. त्यांनी कोठाराच्या खाली सरपटत जाऊन तुळया ठोकून पाहिल्या, वर येऊन फळ्या ठोकून पाहिल्या आणि ते मिशीतल्या मिशीत काहीतरी मोजत राहिले. मी म्हटलं, "मेस्त्री, इथे नाचणीची शंभर शंभर पोती असायची. एका गाडीचं काय एवढं?"

"पोतं सगळ्या अंगानं बसतंय बाई," ते म्हणाले. "गाडी चार पायांवर उभी ऱ्हातीय. सगळा भार त्या चार ठिकानी. आज काय व्हनार न्हाई, पन एक दिस चाक खाली जाईल बघा."

मग काम निघालं. चाकं जिथून जाणार आणि जिथे थांबणार त्या रेषेत तुळयांखाली दगडी टेकू दिले. दोन फळ्या किडक्या निघाल्या, त्या बदलल्या. वर चाकांच्या रुंदीच्या दोन जाड फळ्या आडव्या तुळयांवरून लांब टाकल्या, म्हणजे भार एकाच फळीवर न येता वाटला जाईल. दाराशी उतरण केली, मागच्या बाजूला चाक अडवायला लाकडी ठोकळा ठोकला. मी खुर्ची टाकून हे सगळं बघत बसायची. खोटं कशाला सांगू, यांच्या जाण्यानंतर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कशात तरी रस वाटत होता. यांच्यासाठी घर बांधते आहे असं काहीतरी मनात चाललं होतं. अण्णा रंधा मारलेल्या नव्या फळ्यांवरून हात फिरवायचा आणि पुन्हा आत जायचा.

काम संपताना मेस्त्री म्हणाले, "इंजनाखाली पत्र्याचा ट्रे ठेवा. त्यात भुसा टाका. जुनी गाडी हाय, उभी ऱ्हाऊन गळनार. आनि हे कोरं लाकूड, तेल दिसलं की पितंय." मी हो म्हटलं. मग पत्र्याचा तो ट्रे मी मनातल्या मनात यांच्या गाडीखाली ठेवून पाहिला आणि मला ते बरं दिसेना. आजारी माणसाच्या खाटेखाली भांडं ठेवावं तसं वाटलं. आमच्या गाडीचं एक थेंब ऑइल कधी गळलं नाही, असं मी म्हटलं. हे दर महिन्याला तिची तपासणी करायचे म्हणूनच गळलं नव्हतं, हा विचार सुचायला मला पुढे बरेच दिवस लागले.

कोठाराचे दोन भाग केले. अर्ध्यात गाडी, अर्ध्यात मोसम. मध्ये पत्रा उभा केला, छतापर्यंत. पत्रा उंच होता, पण खालच्या फळ्या एकच होत्या, त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत. हे आम्हा तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मेस्त्री लाकूड जाणत होते, अण्णा अवरे जाणत होता आणि मी फक्त गाडी कुठे ठेवायची एवढंच जाणत होते.

मोसम सुरू झाला. बायका आल्या, अर्ध्या जागेत गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. मी दर रविवारी व्हाइटफील्डहून यायची. शेजारचा एकजण इंजिन सुरू करून द्यायचा, दहा मिनिटं ते चालू ठेवायचं, नाही तर गाडी मरते म्हणतात. मी यांच्या शेजारच्या सीटवर बसायची. पत्र्यापलीकडून बायकांच्या गप्पा ऐकू यायच्या आणि इंजिनाची घरघर, आणि मला वाटायचं, सगळं कसं जमून आलंय. पत्र्यापलीकडे धूर जात असेल, सरसक्का पदर नाकाला लावत असेल, हे मनात आलंच नाही. दुःखात माणूस आंधळा होतो म्हणतात. माझं नाकही गेलं होतं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी गाडीतून उतरताना चप्पल सरकली. वाकून पाहिलं तर इंजिनाखाली काळा डाग, ताटाएवढा. बोट लावलं, ऑइल. ते फळीत मुरलं होतं आणि रेघेरेघेनं पत्र्याच्या दिशेनं गेलेलं होतं. मी उभी राहिले. ट्रे आठवला, मेस्त्री आठवले. त्याच क्षणी हाक मारायला हवी होती, "अण्णा, इकडे ये." अण्णा दहा पावलांवर होता. पण हाक मारली तर तो म्हणेल, गाडी बाहेर काढायला हवी. बाहेर म्हणजे कुठे? रस्त्यावर? नाही तर भंगारात? कोपऱ्यात एक गोणपाट पडलं होतं. मी ते उचललं, डागावर पसरलं आणि पायानं सारखं केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. झाकलेल्या गोणपाटाबद्दल कोणी काही म्हणून ठेवलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. जयनगरचं एक जुनं गिऱ्हाईक, दर वर्षी मुलीच्या सासरी अवरे पाठवणारं. त्यांनी पिशवी परत आणून दिली. दाण्याला कसलातरी तेलाचा वास येतोय म्हणाले. मग आणखी दोघं. ज्या गावात शेंग हुंगून घेतात त्या गावात ही काही लहान गोष्ट नव्हे. भाजीत किडा निघाला तरी लोक चालवून घेतील, अवऱ्याचा वास बिघडला तर ते त्या दारात पुन्हा पाऊल ठेवत नाहीत.

तेल कोणाचं? बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग रुक्माक्काकडे. ती गुडघ्यांना निलगिरीचं तेल लावते हे सगळ्यांना माहीत होतं. सरसक्का म्हणाली, "अक्का, तुमच्या हातालाच असणार तो वास." कोणीतरी तिचा हात धरून हुंगलासुद्धा. हे झालं तो रविवार होता आणि मी तिथेच होते. पत्र्याच्या फटीतून मला दिसलं, रुक्माक्कानं हात मागे घेतला नाही, तसाच पुढे करून बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. फाशीच्या वेळी चोर नक्की कुठे उभा असतो हे त्या दिवशी कळलं. तो यांच्या शेजारच्या सीटवर बसलेला असतो आणि काच वर करून घेतो.

पुढच्या रविवारी रुक्माक्काची जागा रिकामी होती. मी अण्णाला विचारलं, तर तो म्हणाला, "येऊ नका, थांबा म्हटलं तिला." एवढंच. मी "बरं" म्हटलं. त्या 'बरं'चा आवाज अजून माझ्या कानात आहे. बाकी बायका सरकून बसल्या, जागा भरली. वास अर्थातच गेला नाही. पण तोवर संक्रांत उलटली होती, अवरे संपत आले होते, आणि रुक्माक्का गेल्यावर वास गेला असंच सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. लोकांना एकदा कारण सापडलं की ते नाकाला पुन्हा विचारत नाहीत.

पुढच्या वर्षी अण्णानं मोसम मांडलाच नाही. "गुडघे म्हणतात, पुरे आता," असं म्हणाला. बायका सरसक्काच्या ओसरीवर, सिमेंटवर गोणपाटं आणि चादरी घालून सोलायला बसू लागल्या. तिथे रुक्माक्काला कोणी बोलावलं नाही. माझं रविवारचं जाणंही थांबलं. असे तीन हिवाळे गेले. अण्णा कोठारात जातो, गाडीवरची धूळ झटकतो, चाकांत हवा भरून घेतो. मला फोनवर सांगतो, "गाडी छान आहे बघ." मी दर वेळी ठरवायची, पुढच्या वेळी सांगायचं. इतकी वर्षं बँकेत लोकांना मुदती सांभाळायला शिकवलं आणि स्वतःची मुदत मी तीन वर्षं पुढे ढकलत राहिले.

परवा त्या हातगाडीपासून निघाले ती औषधाच्या दुकानात गेलेच नाही. मेट्रोत बसले, मेजेस्टिकला गाडी बदलली आणि यशवंतपूरला उतरून घरी न जाता सरळ रुक्माक्काच्या खोलीवर गेले. ती दारातच शेवंतीच्या माळा करत होती. मला बघून तिनं टोपली बाजूला सारली आणि चटई पुढे केली. मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलले असते.

"अक्का, तो वास तुमचा नव्हता. गाडीचं ऑइल गळत होतं. मी बघितलं होतं. गोणपाटानं झाकलं आणि गप्प बसले."

रुक्माक्कानं दोरा दातात धरला होता, तो काढला. "ठाऊक आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"मी पत्र्याला पाठ लावून बसायची ना. पहिल्यांदा मलाच आला तो वास. गुडघ्याचं तेल मी कोठारात यायच्या आधी कधीच लावत नव्हते, घरी गेल्यावर लावायची. अवऱ्यात हात घालायचे तर तेवढं कळतं मला. मी अण्णांना सांगितलं, गाडीखाली बघा. ते गेले, गोणपाट उचललं, बघितलं, परत तसंच ठेवलं."

"अण्णाला ठाऊक होतं?"

"म्हणाले, तिच्याकडे त्यांचं एवढंच उरलंय अक्का. हे काढ म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू."

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी अण्णाला फसवलं. अण्णा सगळं बघून गप्प राहिला होता, आणि आम्हा दोघा बहीण-भावांच्या मायेचं ओझं आम्ही मिळून तिच्या डोक्यावर ठेवलं होतं. माया वाईट असते असं मी म्हणणार नाही. पण आपली माया कोणाच्या पाठीवरून चालत जाते हे बघायला हवं. आम्ही बघितलं नाही.

"मला माफ करा अक्का," मी म्हटलं.

"मला सांगून काय उपयोग मंगला?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला तर माहीतच होतं. सरसक्काच्या ओसरीवर जाऊन सांग. देवळात शेजारी बसले तर अजून माझा हात हुंगतात त्या. हसत हसत हुंगतात, पण हुंगतात."

मी घरी गेले. अण्णा पेपर वाचत होता. मी काय ऐकून आले ते त्याला सांगितलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी म्हटलं, "मी सरसक्काकडे जाते. तुझं नाव घेत नाही." तो उठला आणि पायात चपला घालू लागला. जाताना आम्ही कोठारावरून गेलो. दार उघडं होतं. अण्णा म्हणाला, आनंदा मेस्त्रींना त्यानं गेल्या वर्षीच गुपचूप विचारून ठेवलं होतं, फळ्यांवर रंधा मारला तर तेल निघेल का. मेस्त्री म्हणाले, वरचं निघेल, आतलं न्हाई. गाडी मी आता काढणार आहे. काढून काही भरून येणार नाही हे कळतं, तरी काढणार आहे.

ओसरीवर सात-आठ बायका होत्या. पातेली, सालींचे ढीग, सगळं तसंच; फक्त थंडी खालून वर येत होती आणि जी ती बूड बदलत होती. सरसक्का म्हणाली, "या या, मंगलक्का, किती वर्षांनी. बसा." मी उभ्याउभ्याच सांगितलं. ऑइल माझ्या गाडीचं होतं, मला तेव्हाच कळलं होतं, मी लपवलं, रुक्माक्काचा काही संबंध नव्हता. वाटेत चांगली वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आलं नाही. हात थांबले. एका बाईच्या बोटांतला दाणा निसटून माझ्या पायाशी येऊन पडला, तो उचलायला कोणी वाकलं नाही.

"का लपवलंत?" सरसक्कानं विचारलं.

"गाडी काढायला लागेल म्हणून."

ती माझ्या मागे बघत होती. "आणि अण्णांना ठाऊक नव्हतं?"

'नव्हतं' हा शब्द माझ्या ओठावर तयार होता. खोटं झाकायला खोटं, आणि तेही मायेपोटी. मला त्याची चांगली सवय झाली आहे. पण अण्णा पुढे आला. "होतं," तो म्हणाला. "मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

गल्लीत अण्णाचा शब्द म्हणजे शब्द. बायका त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मला ते बघवेना. सरसक्कानं हातातला दाणा पातेल्यात टाकला. "म्हणजे आम्हालाच तेवढं ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "तिला काय काय बोललो आम्ही." मग पदराला हात पुसत म्हणाली, "जा. बोलावून आणा तिला. तुम्ही दोघं जा."

आम्ही गेलो. भर दुपारचं ऊन होतं. रुक्माक्का अजून दारातच होती. अण्णा पायरीच्या खाली उभा राहिला. "अक्का, सरसक्कानं बोलावलंय. आम्ही सगळं सांगितलं."

रुक्माक्कानं माळेची गाठ मारली, दोरा तोडला आणि फुलांवर ओलं फडकं घातलं. मग अण्णाकडे पाहिलं. "त्या दिवशी मला थांबा म्हणालात, तेव्हा आणखी काय म्हणाला होतात, आठवतंय अण्णा?"

अण्णानं हळूच मान डोलावली.

"म्हणालात, अक्का, तुम्ही शहाण्या आहात, समजून घ्या. तीन हिवाळे मी शहाणी होऊन घरात बसले."

तिनं दार ओढून घेतलं, कडी लावली आणि ओसरीच्या वाटेला लागली. गुडघ्यांमुळे ती फार हळू चालते. आम्ही दोघं तिच्या मागून चालत राहिलो, तिच्यापुढे जायचा धीर दोघांपैकी कोणालाच झाला नाही.